मध्यस्थीची पहिली बैठक आणि तिच्या खर्चाची सोय : इंग्लंडमधील माझा अनुभव

इंग्लंड आणि वेल्समध्ये पती-पत्नी विभक्त झाल्यावर मुलांनी कोणाकडे किती दिवस राहायचे किंवा घर-पैशांची वाटणी कशी करायची, यावर एकमत होत नसेल तर थेट न्यायालयात अर्ज करता येत नाही. आधी मान्यताप्राप्त कौटुंबिक मध्यस्थाची भेट घ्यावी लागते आणि त्यांच्या सहीचा दाखला अर्जासोबत जोडावा लागतो. या पहिल्या भेटीला इथे सर्वजण ‘मायम’ म्हणतात. २०१४ च्या मुले आणि कुटुंबे कायद्याने, काही अपवाद सोडले तर, अर्जदारासाठी ती सक्तीची केली. ती फुकट नसते. मध्यस्थ आपापली फी स्वतः ठरवतात आणि साधारणपणे एका व्यक्तीमागे शंभर पाउंडांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मागितले जातात. दोघांनी वेगवेगळे जायचे तर दोन वेळा. हा खर्च मला परवडणारा नव्हता आणि तरीही मी ही प्रक्रिया पूर्ण केली. ती कशी झाली, हे माझ्यासारख्या परिस्थितीतल्या मराठी स्त्रियांना आणि पुरुषांनाही ठाऊक असावे, म्हणून लिहीत आहे.

मी एका प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे आणि माझा पगार शाळेच्या सत्रापुरता हिशेबात धरून बारा महिन्यांत वाटून मिळतो. माझे यजमान माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात आहेत. वेगळे राहू लागल्यावर दोन्ही मुले माझ्याकडे राहिली. भांडण मोठ्या रकमांचे नव्हतेच. शनिवार-रविवार कसे वाटायचे, उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना सांगलीला कोणी न्यायचे आणि मुलांचे पासपोर्ट कोणाजवळ राहायचे, एवढ्यावरच सारे अडले होते. परंतु पासपोर्टचा प्रश्न एकदा निघाला की दोन्हीकडच्या माणसांना भीती वाटू लागते, आणि भीतीने माणसे वकिलाकडे जातात. आम्हीही त्याच वाटेवर होतो.

सांगलीला आईला फोनवर हे सांगितले तेव्हा तिला वाटले की आम्हाला पुन्हा एकत्र आणण्यासाठी कोणीतरी वडीलधारे बसणार आहेत. पुण्यातल्या माझ्या दादाचा समज वेगळा होता. भारतात कुटुंब न्यायालयातच समुपदेशक असतात आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते, त्यामुळे “तिथे तर हे सगळे सरकारच करत असेल,” असे तो म्हणाला. इथे तसे नाही. १ एप्रिल २०१३ पासून विभक्त पालकांमधील बहुतेक खासगी वादांसाठी वकिलाचा सरकारी खर्च बंद झाला. घरगुती अत्याचाराचा पुरावा असलेली प्रकरणे हा त्याला महत्त्वाचा अपवाद. मध्यस्थीसाठीचे सरकारी साहाय्य, ज्याला इथे ‘लीगल एड’ म्हणतात, मात्र चालू राहिले. ते स्त्री-पुरुष पाहून मिळत नाही, उत्पन्न आणि बचत पाहून मिळते. हे साहाय्य चालू आहे याचीच पुष्कळांना कल्पना नसते. मलाही सुरुवातीला कोणी सांगितले नाही.

घराजवळच्या एका मध्यस्थ कार्यालयाला मी फोन केला. तिथल्या व्यक्तीने अतिशय सौजन्याने माहिती दिली : एका तासाची भेट, १२० पाउंड आणि त्यावर मूल्यवर्धित कर, म्हणजे १४४ पाउंड, आणि रक्कम भेटीआधी भरायची. मला सरकारी साहाय्य मिळू शकेल का, हे त्यांनी विचारले नाही आणि त्याविषयी अवाक्षरही काढले नाही. मुलांचे बूट आणि शाळेच्या सहलीचे पैसे ज्या महिन्यात एकत्र आले होते त्या महिन्यात १४४ पाउंड ही रक्कम माझ्यासाठी लहान नव्हती. मंडळातल्या एका काकूंना मी हे सहज सांगितले. त्यांनी अनेक वर्षे नागरिकांना मोफत सल्ला देणाऱ्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम केले होते. त्या लगेच म्हणाल्या, “अगं, सगळ्या मध्यस्थांकडे लीगल एडचा करार नसतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनाच फोन कर, आणि पहिल्याच वाक्यात विचार.”

या एका वाक्याने माझे काम झाले. लीगल एडचे पैसे केवळ सरकारी कंत्राट असलेल्या मध्यस्थांमार्फतच मिळतात. कंत्राट नसलेल्या मध्यस्थाकडे तुम्ही कितीही कमी उत्पन्नाचा पुरावा नेला तरी ते तुमची फी माफ करून घेऊ शकत नाहीत. काही जण पात्र ठरू शकणाऱ्या व्यक्तीला स्वतःहून दुसरीकडे पाठवतात, काही जण पाठवत नाहीत. सरकारी संकेतस्थळावर कायदेविषयक सल्लागार शोधण्याची सोय आहे. तिथे कौटुंबिक मध्यस्थी निवडून पोस्टकोड घातला की कंत्राट असलेली जवळची कार्यालये दिसतात. माझ्या भागात अशी कार्यालये मोजकीच निघाली आणि त्यांपैकी सोयीचे थोडे लांब होते, पण भेट व्हिडिओवर होऊ शकत होती.

त्या कार्यालयाने भेटीची तारीख देण्यापूर्वीच माझ्या उत्पन्नाची छाननी केली. मी गेले तेव्हाचे आकडे असे होते : कर कापण्यापूर्वीचे मासिक उत्पन्न २,६५७ पाउंडांपेक्षा जास्त नसावे (चाराहून अधिक मुले असल्यास ही मर्यादा वाढते). त्यातून कर, राष्ट्रीय विमा, घरभाडे, नोकरीसाठी लागणारा पाळणाघराचा खर्च आणि मुलांमागची ठरावीक वजावट काढल्यावर उरणारी रक्कम ७३३ पाउंडांच्या वर नसावी. आणि बचत व इतर मालमत्ता ८,००० पाउंडांच्या आत असावी. युनिव्हर्सल क्रेडिटसारखे काही भत्ते ज्यांना मिळतात त्यांच्या उत्पन्नाची ही छाननी होत नाही, केवळ बचत पाहतात. मला तो भत्ता मिळत नव्हता, म्हणून सर्व कागद द्यावे लागले.

इथे माझी दोन गोष्टींची धास्ती होती. पहिली यजमानांच्या पगाराची. आमचे लग्न कागदोपत्री अजून टिकून होते, तेव्हा त्यांचा पगार माझ्यात धरला तर मी कुठल्याच मर्यादेत बसले नसते. कार्यालयातल्या बाईंनी समजावून सांगितले की ज्याच्याशी वाद आहे त्या जोडीदाराचे उत्पन्न मोजत नाहीत. उद्या मी दुसऱ्या कोणासोबत संसार मांडला असता तर त्या व्यक्तीचे मात्र धरले असते. यजमान मुलांसाठी दरमहा जी रक्कम देतात ती माझे उत्पन्न म्हणून मोजली गेली. दुसरी धास्ती भारतातल्या ठेवीची. सांगलीच्या एका बँकेत आईसोबत माझ्या नावावर मुदत ठेव आहे. ती इथे कोणाला दिसणार नाही असा सल्ला एका परिचितांनी दिला होता. तो ऐकावासा मला वाटला नाही, आणि कोणालाही वाटू नये असे मी कळकळीने सांगेन. बचत जगात कुठेही असली तरी ती सांगावी लागते आणि अर्जावर आपली सही असते. मी ठेवीची पावती, त्यातला माझा वाटा आणि त्या दिवशीच्या दराने होणारी पाउंडांतली रक्कम लिहून दिली. दागिन्यांबद्दल विचारले तेव्हा तेही सांगितले. सगळे मिळून मी मर्यादेच्या आत राहिले. पगाराची पावती, सर्व खात्यांची बँक विवरणे आणि घरभाड्याचा करार एवढे कागद लागले. ज्यांचा पगार महिन्यागणिक बदलतो त्यांनी एक ध्यानात ठेवावे की छाननीसाठी नुकताच सरलेला महिना पाहतात, त्यामुळे जादा तासांचे किंवा बोनसचे पैसे ज्या महिन्यात आले असतील त्याच्या लगेच पुढे अर्ज केला तर निकाल वेगळा लागू शकतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याचे मी मनावर घेतले ती सांगते. दोघांपैकी एक जण लीगल एडसाठी पात्र ठरला की दोघांच्याही पहिल्या भेटीचा खर्च सरकार उचलते, दुसऱ्याचा पगार कितीही असो. इतकेच नव्हे, त्यानंतरची पहिली संयुक्त बैठकही दोघांसाठी मोफत असते. पुढच्या बैठकांचा खर्च केवळ पात्र व्यक्तीचा माफ होतो. या व्यवस्थेमागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याच्या हाती पैसा आहे तो पुष्कळदा “मी कशाला फी भरू, मला न्यायालयात जायचेच नाही,” म्हणून भेटीला येत नाही, आणि मग ज्याच्या हाती पैसा नाही त्याची वाट बंद होते. पहिल्या पावलाचा खर्च दोघांवरूनही काढून घेतला की हे कारण उरत नाही.

आमच्या बाबतीत हे अगदी वेळेवर कळले. यजमानांनी त्यांच्या कार्यालयाजवळच्या एका खासगी मध्यस्थाकडे वेळ घेण्याचे ठरवले होते. मी त्यांना सविस्तर संदेश लिहिला की माझी छाननी होत आहे, ती मंजूर झाल्यास त्याच कार्यालयात तुमचीही भेट विनामूल्य होईल, तेव्हा काही दिवस थांबावे. त्यांना प्रथम हे अपमानास्पद वाटले. “मी कोणाची मदत घेणार नाही,” असे उत्तर आले. मी पुन्हा लिहिले की ही मदत माझ्या पात्रतेमुळे या प्रकरणाला मिळते आहे, तुमच्या उत्पन्नावर तो काही शेरा नाही, आणि वाचलेले पैसे मुलांच्या विमानाच्या तिकिटाला उपयोगी पडतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयाचा फोन नंबर मागितला.

माझी भेट एकटीची झाली आणि सुमारे तासभर चालली. मध्यस्थ बाईंनी आरंभी मी खोलीत एकटी आहे ना, हे विचारले. घरात मारहाण, धमक्या, पाळत किंवा पैशांची कोंडी झाली आहे का, हे त्यांनी शांतपणे, एकेक करून विचारले. २०२१ च्या घरगुती अत्याचार कायद्यात आर्थिक अत्याचारही धरला आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले. ज्यांचे उत्तर होकारार्थी असेल त्यांनी ते निःसंकोच सांगावे. पुरावा असेल तर या भेटीतून सूटही मिळते आणि वकिलाच्या खर्चासाठी वेगळे साहाय्यही मागता येते. तशी वेळ माझ्यावर नव्हती. मग मध्यस्थी म्हणजे काय, तिथे बोललेले न्यायालयात पुरावा म्हणून का वापरले जात नाही, मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आल्यास ही गोपनीयता कशी बाजूला ठेवावी लागते, वकिलांमार्फत बोलणी किंवा लवाद असे इतर मार्ग कोणते, हे त्यांनी सांगितले. आमची मोठी मुलगी दहा वर्षांवरची असल्यामुळे तिची इच्छा असेल आणि आम्हा दोघांची संमती असेल तर प्रशिक्षित मध्यस्थ तिच्याशी स्वतंत्रपणे बोलू शकतात, हेही कळले. दाखला चार महिने चालतो. यजमान आलेच नसते तरी मला तो मिळाला असता, आणि तो घेऊन मुलांसंबंधीचा सी-१०० हा अर्ज मी करू शकले असते. एप्रिल २०२४ पासून नियम कडक झाले असून न्यायालयाबाहेर तोडगा काढण्यासाठी काय केले, याचे निवेदनही दोन्ही पक्षांना द्यावे लागते, त्यामुळे ही भेट उरकून टाकण्याजोगी राहिलेली नाही.

पहिल्या संयुक्त बैठकीत शनिवार-रविवारचा प्रश्न सुटला, पासपोर्टचा सुटला नाही. पुढच्या बैठका माझ्यासाठी मोफतच होत्या, पण यजमानांना त्यांच्या वाट्याची फी लागणार होती आणि ते पुन्हा मागे सरतील अशी मला शंका होती. तेव्हा मध्यस्थांनी व्हाउचर योजनेची माहिती दिली. मार्च २०२१ मध्ये न्याय मंत्रालयाने सुरू केलेली ही योजना कौटुंबिक मध्यस्थी परिषद चालवते. मुलांविषयीचा वाद असेल तर एका कुटुंबाला ५०० पाउंडांपर्यंतचे अंशदान मिळते आणि त्यासाठी उत्पन्न पाहत नाहीत. पैसे आपल्या हाती येत नाहीत, मध्यस्थच अर्ज करतात आणि रक्कम त्यांनाच मिळते. हे व्हाउचर पहिल्या भेटीच्या फीसाठी वापरता येत नाही, हे मात्र मुद्दाम सांगते, कारण अनेक जण ५०० पाउंडांचा आकडा ऐकून पहिली भेट त्यातूनच होईल असे समजतात. ज्या जोडप्यात कोणीच लीगल एडला पात्र नाही त्यांना पहिल्या भेटीचे पैसे खिशातूनच द्यावे लागतात. आमच्याकडे व्हाउचर यजमानांच्या वाट्याला लावले गेले आणि त्यातच काम भागले.

मुलांचे पासपोर्ट माझ्याकडे राहतील, प्रवासाच्या ठरावीक आठवडे आधी परतीच्या तिकिटांची प्रत दुसऱ्याला दिली जाईल आणि सांगलीची सुटी एका वर्षी माझ्याकडे, दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे असेल, असे ठरले. हा करारनामा मध्यस्थांनी लिहून दिला. तो आपोआप कायद्याने बंधनकारक होत नाही. तसा तो व्हावा असे वाटल्यास न्यायालयाकडून संमतीचा हुकूम घ्यावा लागतो आणि लीगल एडवर मध्यस्थीची सेवा घेणाऱ्याला त्यासाठी वकिलाच्या थोड्या साहाय्याचीही तरतूद आहे. आम्ही तूर्त लेखी समझोत्यावर थांबलो आहोत.

अलीकडे मंडळातल्याच एका मुलीने मला विचारले की तिच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेता येणार नाही असा शेरा आहे, मग लीगल एड मागितले तर व्हिसा धोक्यात येईल का. ही भीती आपल्या लोकांत फार आहे आणि तिच्यापायी कितीतरी जणी गप्प बसतात. लीगल एड हा त्या नियमांतल्या सार्वजनिक निधीच्या यादीत येत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट येते. शिवाय लीगल एडसाठी इथे वास्तव्याची अट घालण्याचा सरकारचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवैध ठरवला. मी तिला कंत्राट असलेल्या कार्यालयाचा शोध कसा घ्यायचा ते दाखवले आणि तिच्या व्हिसाच्या बाकीच्या प्रश्नांसाठी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराकडे जायला सांगितले. तिने पगाराच्या पावत्या आणि बँकेची विवरणे पाठवली असून तिची छाननी सध्या चालू आहे. नवऱ्याने दुसरीकडे कुठे फी भरू नये, असे तिने त्याला कळवले आहे.