रंग परत आणणारा गेम

आज सुट्टी आणि बाहेर धो धो पाऊस, म्हणून 'द सॅबोटर' लावला. 2009 चा गेम, हालचाली जरा अवघडलेल्या, पण कल्पना काय भन्नाट! नाझींच्या ताब्यातलं पॅरिस काळं-पांढरं दिसतं, त्यात लाल झेंडे डोळ्यांत खुपतात. बंडखोरांनी एखाद्या भागात जोर धरला की तिथे रंग परततात. नायक आयरिश मेकॅनिक शॉन डेव्हलिन, तोंडाचा भलताच फटकळ (घरात लहान मुलं असतील तर हेडफोन लावा!).

त्यामागचा खरा माणूस मात्र विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स. 1929 ची पहिली मोनॅको ग्रां प्री हिरव्या बुगाटीतून जिंकणारा, पुढे ब्रिटिशांचा गुप्तहेर. सोबतीला दुसरा रेसर, रॉबेर बेनुआ! 1943 मध्ये विल्यम्स पकडला गेला. गेम राहिला बाजूला, संध्याकाळपासून त्याच्याबद्दलच वाचत बसलोय.