कोण गेलं गं?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी फोनवर गाणी लावून लोळत पडले होते, तर आतून आईचा आवाज आला, "कोण गेलं गं?" कोणी गेलं नव्हतं. एल्विस कॉस्टेलो नावाचा इंग्लिश रॉकगायक गात होता, मागे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, बस. पण आमच्याकडे तबला नसलेली नुसती तारांची वाद्यं म्हणजे वाईट बातमीच. कुणी मोठं माणूस गेलं की रेडिओवर सारंगी सुरू व्हायची ना, त्या पिढीची आहे ती, तिला तरी काय बोलणार.

खरं म्हणजे गाण्यातल्या व्हायोलिनांबद्दल माझंही थोडं वाकडंच आहे. बहुतेक वेळा ती पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तशी शेवटी येतात, पोहे कसेही जमलेले असोत. बीटल्सचं 'यस्टरडे' त्यातलं नाही. १९६५ साली त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिननं त्यात तारवाद्यांचे चौघं वादक घेतले तेव्हा गाणं रचणाऱ्या पॉल मॅकार्टनीचा हट्ट होता की सूर थरथरवू नका, सरळ लावा, आणि म्हणूनच ते अजून चिकट झालेलं नाही. पण कागदावर लिहिलं मार्टिननंच, मॅकार्टनीला नोटेशन कुठे येत होतं. हे आपल्याला नवीन नाही म्हणा, मुंबईत संगीतकारानं चाल बांधायची आणि सॅबेस्टियन डिसोझांसारख्या गोव्याकडच्या अरेंजरनी ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवायची, असं वर्षानुवर्षं चाललं आणि झकास चाललं.

कॉस्टेलोनं मात्र नसता उद्योग केला. १९७७ पासून गिटार घेऊन खवचट गाणी म्हणणारा हा चष्मेवाला, १९८९ मध्ये लंडनला ब्रॉडस्की क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलोवाल्यांची चौकडी, रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या रचना वाजवत होतं तिथे जाऊन बसायला लागला. शोस्ताकोविचनं अशा चौकडीसाठी लिहिलेली क्वार्टेट्स पंधरा, आणि त्यातलं आठवं तर असं आहे की त्यानं स्वतःच्या नावाची अक्षरं सुरांत घालून ठेवलीयेत (तिकडे सुरांची नावं अक्षरांचीच असतात), १९६० मध्ये, तीन दिवसांत लिहून मोकळा. ते चार सूर मी पेटीवर वाजवून पाहिले, पांढरी एकचा सा धरला तर रे, कोमल ग, सा, खालचा शुद्ध नी. आई म्हणाली पिलू राग का गं? म्हटलं हो, रशियातला.

तर हे ऐकून कॉस्टेलोला वाटलं आपणही चौघांसाठी लिहावं, आणि अरेंजर गाठायचा सोडून चाळिशीच्या तोंडावर हा नोटेशन लिहायला शिकला. त्यातून त्याचा आणि ब्रॉडस्कींचा १९९३ चा अल्बम 'द ज्युलिएट लेटर्स'. इटलीतल्या व्हेरोनात एक प्राध्यापक रोमिओवाल्या ज्युलिएटच्या नावानं येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायचे अशी बातमी होती, तिच्यावरून सुचलेलं, म्हणजे सगळी गाणी पत्रांचीच. एका पत्रात एक म्हातारी नातेवाइकांना ठणकावून सांगते की माझ्या पैशातलं तुम्हाला काही मिळणार नाही, ते ऐकताना मला सदाशिव पेठेतली एक आजी आठवते (नाव नाही सांगत, मुलं आहेत तिची). एक तर चक्क जाहिरातीचं पत्र आहे. आणि शब्द त्यानं एकट्यानं नाही लिहिले, चौघा वादकांनाही लिहायला बसवलं.

ड्रम नसल्यानं त्याच्या आवाजाला लपायला जागाच नाही. बँडसोबत गाताना तो ओळी कोंबतो, इथे त्याला चेलो संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि तो थांबतो, मला तेच आवडतं. आमच्या शेजारच्या काकांकडे कधीमधी बैठक व्हायची तेव्हा मी हटकून तबलजींच्या जवळ जाऊन बसायचे, इतकी जवळ की हातोडीनं गठ्ठे ठोकताना चटईवर पावडर सांडलेली दिसायची, आणि बाई षड्ज लावायच्या आधी श्वास घ्यायच्या तो ऐकू यायचा. तंबोऱ्यावर त्यांची बांगडी मध्येच लागायची, टिंग. मग त्या बांगडी वर सरकवायच्या, गाणं न थांबवता, परत खाली यायची. रेकॉर्डवर असं काही येत नाही, आलं तर बहुधा काढून टाकत असतील. मागे बसलेल्या कुणाला तरी भजी कधी येणार याची घाई असायची ते वेगळं. पण त्या खोलीत बाई माझ्यासाठीच गातायत असं मला खात्रीनं वाटायचं, आणि बाकीच्या तीस माणसांनाही वाटत असणार. पत्राचं तसंच असतं ना, एका माणसासाठी लिहिलेलं. चार वाद्यांत गाणं बसवायचं म्हणजे त्या मापाचं लिहायचं. स्टेडियमचं गाणं तिथे ओरडल्यासारखं वाटेल.

आता यावरून कुणी म्हणेल की शास्त्रीय संगीतानं त्याला सुधारलं वगैरे. काही नाही. पुढच्याच वर्षी स्वारी परत गिटार-ड्रम घेऊन दणदणाट करायला हजर. नोटेशन मात्र सोडलं नाही, पुढे एका इटालियन बॅले कंपनीसाठी अख्ख्या ऑर्केस्ट्राचं लिहिलं म्हणे, ते मी एकदा लावलं आणि मला झोप लागली.