पार्श्वसंगीताची चादर

आमच्या नऊ मिनिटांच्या फिल्ममध्ये सुरुवातीला साडेसहा मिनिटं संगीत होतं. शेवटी उरलं चाळीस सेकंद, तेही नावं सरकतात तेव्हा.

फिल्म मित्राच्या मामांवर. सोलापूरच्या पूर्व भागात, घरातच पुढच्या खोलीत चादरीचा माग, वर नक्षी विणायचं जेकार्ड यंत्र, मागच्या खोलीत संसार. मामा आता माग विकायला काढतायत, एवढीच गोष्ट. शेवटच्या दृश्यात ते माग बंद करतात, आत येऊन पाटावर बसतात, मामी भाकरी आणि शेंगाचटणी वाढते. संवाद नाही. दोन मिनिटं दहा सेकंद.

आता दोन मिनिटं कोणी बोलत नाही म्हटल्यावर आम्ही काय केलं? एक जुनं, दर्दभरं गाणं खाली टाकलं. एडिट करताना डोळ्यात पाणी आलं. (आमच्याच. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं.) कॉलेजच्या सरांनी पाहिलं आणि विचारलं, “परवानगी?” तेव्हा कळलं की एका गाण्याला दोन कुलपं असतात. गीत आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा हक्क, प्रकाशनापासून ६० वर्षं. दोन्हीकडून परवानगी हवी. महोत्सवाच्या अर्जात संगीताच्या हक्कांबद्दल लिहून द्यायचं होतं. गाणं गेलं.

मग वर्गातल्याच एकाने हार्मोनियमवर धून बसवली. चांगली होती, आजही म्हणतो. पण ती लावली की मामी भाकरी वाढायच्या आधीच प्रेक्षकाला कळायचं की आता वाईट वाटून घ्यायचंय. मित्र म्हणाला, “काढून बघ की एकदा.” मी म्हणालो, “झोपवायलास का बे लोकांना?” तरी काढलं.

आणि आमचं खरं पितळ उघडं पडलं. दर कटला आवाज बदलत होता. मामींच्या शॉटमध्ये पंख्याची घरघर, मामांच्या शॉटमध्ये पंखा बंद. ताटाच्या क्लोजअपमध्ये लांबून रिक्षाचा हॉर्न, तोही अर्धा कापलेला. आम्हाला संगीत भावनेसाठी हवं होतं असं आम्ही समजत होतो. हवं होतं ते हे सगळं झाकायला. सोलापूरचेच आम्ही, चादर घालणं हातचंच.

मी लगेच दुसऱ्या टोकाला गेलो. सगळे ट्रॅक म्यूट, पूर्ण शून्य. लॅपटॉपवर भारी वाटलं. कॉलेजच्या हॉलमध्ये लावलं, तर चौथ्या सेकंदाला दोन-तीन माना मागे वळल्या. लोकांना वाटलं स्पीकर गेला. चित्रात ताट ठेवलेलं दिसतंय, हात हलतोय आणि आवाजाच्या जागी काहीच नाही, हे कानाला शांतता वाटतच नाही, बिघाड वाटतो. सरांनी हिचकॉकच्या १९६३ च्या ‘द बर्ड्स’ या सिनेमाचं उदाहरण दिलं. त्यात नेहमीचं पार्श्वसंगीत नाही, पण पक्ष्यांचे आवाज विद्युत वाद्यावर घडवून घेतलेत. म्हणजे संगीत नको म्हटलं की काम कमी होत नाही, वाढतं.

तर शांतता रेकॉर्ड करायला परत मामांच्या घरी. याला रूम टोन म्हणतात. त्याच खोलीत, तोच माइक, तीच जागा, सगळे गप्प, निदान अर्धा मिनिट. शूटिंगच्या दिवशी हे करायचं असतं. आम्हाला वर्गात शिकवलं होतं, आम्ही लिहूनही घेतलं होतं.

दोन मिनिटं सलग मिळवायला दुपार गेली. कुकरची शिट्टी, शेजारचं पोर, मग मामा. मामा कुजबुजतानाही मोठ्यानेच बोलतात, मागावर आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाजच तसा. पाचव्या वेळी जमलं. तेवढ्यात मागाचा आवाजही पुन्हा घेतला, कारण आधीचा फाटला होता. माइक धोट्याजवळ (आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो) धरून लेव्हल लालमध्ये जाऊ दिली होती, आणि असा फाटलेला आवाज नंतर नुसता बारीक करून शिवता येत नाही. या वेळी दारात उभं राहून घेतला, मोठ्यात मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ न देता (शून्याला आवाज फाटतो).

एडिटमध्ये रूम टोन सगळ्या कटांखालून सलग अंथरला, हॉर्न काढला, पंखा जमेल तेवढा दाबला. मग लक्षात आलं की शांतता ऐकू यायची तर आधी गोंगाट हवा. म्हणून मागाचं दृश्य वीस सेकंदांनी वाढवलं, नको नको होईपर्यंत. मामा हँडल ओढतात, ठोका थांबतो, मोटर जरा घरघरते, मग तीही थांबते. त्यानंतर भाकरी मोडल्याचा आवाज. कडक भाकरी असल्याचा इतका फायदा कधी झाला नव्हता.

हार्मोनियमवाला दोन दिवस बोलला नाही. शेवटी त्याची धून नावांवर ठेवली. “म्हणजे लोक उठून चपला शोधायलेत तेव्हा माझं संगीत,” तो म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जमा करायच्या आदल्या रात्री मामांच्या घरी जाऊन हेडफोनवर त्यांना दाखवलं. शेवटच्या दृश्यात त्यांनी एकदम हात वर केला. मला वाटलं गहिवरले. हेडफोन काढून म्हणाले, “हे बारीक ठक ठक मागं येतंय ना, ते आपलं न्हाई. शेजारच्याचं टॉवेलचं माग हाय ते.”

आम्ही तोपर्यंत तो आवाज शंभरदा ऐकला होता. एकदाही ऐकू आला नव्हता. काढला नाही.