कोजागिरीचा मेळावा

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या कार्यालयांत काम करणाऱ्यांचं आमचं मंडळ. वार्षिक मेळावा कोजागिरीच्या आसपासच्या रविवारी, घंटाळीच्या सहयोग मंदिरात. तोवर प्रवेशांचा हंगाम उरकलेला असायचा आणि जून-जुलैत ज्यांच्याशी फोनवर तणतणलो, त्यांच्याच शेजारी बसून मसाला दूध प्यायला मिळायचं.

सुरुवातीच्या मेळाव्यांत नुसत्या गप्पा. कुणाची रांग गेटबाहेर गेली, कुणाच्या गुणवत्ता यादीपुढे चेंगराचेंगरी झाली, कॉमर्सचा कट-ऑफ कुठे अडला. वाशीच्या एका हेडक्लार्कना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांना जुने कट-ऑफ तोंडपाठ.

2009 साली मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आणि त्या मेळाव्यात दुधाचे पेले तसेच राहिले. आता आपलं काम काय, असं कुणीतरी विचारलंच. अण्णा म्हणाले, "खिडकी गेली. पालक कुठे गेलेत?" पुढच्या वर्षीपासून अंताक्षरीच्या आधी अर्जाचा भाग एक, भाग दोन आणि पसंतीक्रम यांवर चर्चा सुरू झाली. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथेच प्रवेश घ्यायचा, हा नियम आल्यावर तो घाबरलेल्या आईला कसा सांगायचा, यावर तर मंडळातल्या बायकांनी छोटं नाटुकलं बसवलं होतं. माझ्या मते मंडळाचं सगळ्यात मोलाचं काम तेच.

2020ला कोजागिरी आली तरी मराठा आरक्षणाच्या स्थगितीमुळे अकरावीचे प्रवेश अडकलेलेच. मेळावा मोबाइलच्या पडद्यावर झाला. पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच नव्हती आणि अकरावीसाठीची सीईटी उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. त्या दोन वर्षांत एकमेकांना रात्री-अपरात्री फोन करायची जी सवय लागली, ती अजून आहे. 2024ला बीएमएस-बीबीएला सीईटी लागली, तेव्हा सिनियर कॉलेजवाल्यांना त्या फोनच्या सवयीचाच आधार झाला. ज्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, तेही मोकळेपणाने बोलले.

2025ला अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले. रोहा-महाडकडची मंडळी त्या वर्षी प्रथमच आली, कोऱ्या वह्या घेऊन. निवृत्त झालेले अण्णा तिसऱ्या रांगेत त्यांच्यामध्ये जाऊन बसले आणि विचारू लागले, "तुमच्याकडे पोरं अर्ज कुठून भरतात? नेट लागतं का गावात?"