आमची वाटचाल : अंड्यावरचे चेहरे

वाढदिवस, स्नेहसंमेलनं, दुकानांची उद्घाटनं यांना जोकर पुरवणं हा आमचा धंदा. सुरुवात रबरी मुखवट्यांनी झाली. मुखवट्यात माणूस गुदमरतो, हसला तरी कळत नाही आणि तीन-चार वर्षांची पोरं भोकाड पसरतात. म्हणून रंगवलेल्या चेहऱ्यांवर आलो. मग वेगळीच पंचाईत: एका कार्यक्रमाला गेलेले दोन जोकर जुळे दिसायला लागले.

यावरचा तोडगा लंडनच्या विदूषकांनी कधीच काढून ठेवला होता. १९४६च्या सुमारास स्टॅन बुल्ट हे गृहस्थ पोकळ केलेल्या कोंबडीच्या अंड्यांवर विदूषकांचे चेहरे रंगवू लागले. ते स्वतः विदूषक नव्हते. सर्कशीतल्या विदूषकांच्या ज्या क्लबात हे चाले, तोच पुढे 'क्लाउन्स इंटरनॅशनल' झाला. छंदाची नोंदवही झाली: अंडं फळीवर चढलं की तो चेहरा दुसऱ्यानं घ्यायचा नाही. कायद्याचा जोर काहीच नाही, धाक फक्त जातभाईंच्या नजरेचा. तो पुरतो, हे विशेष. जुनी बरीच अंडी फुटली. १९८०च्या दशकात काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा चिनी मातीची अंडी घेतली गेली. लंडनचे नामवंत विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) यांच्या स्मरणार्थ दर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी लंडनच्या चर्चमध्ये प्रार्थना होते, आणि विदूषक तिथं पूर्ण रंगरंगोटीत येतात.

आम्हीही आधी खरी अंडी वापरली. दोन्ही टोकांना सुईनं भोकं, खालचं तीन-चार मिलिमीटरचं. आत सुई फिरवून बलक फोडायचा, वरून फुंकायचं, पाण्यानं खळखळून धुवायचं, मग दोन दिवस उपडं. व्हिनेगरनं धुवू नये, कवच विरघळतं. आतला पापुद्रा ओला राहिला की पावसाळ्यात वास येतो आणि मुंग्या माग काढतातच. शेवटी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची अंडी कातून घेतली. त्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूपूड यांचे दोन हात, घासकागद, मग अ‍ॅक्रिलिक. खळ जाड बसली तर भेगा पडतात.

अंड्यावर असतं तेच तोंडावर यायला हवं, आणि घोळ इथंच होतो. पूर्ण पांढऱ्या चेहऱ्याला तेलाचा ग्रीसपेंट पातळ घ्यायचा, बोटांनी थोपटत बसवायचा. चोळला की पट्टे उठतात. लाल-काळ्याच्या जागा कानकोरणीच्या कापसानं आधीच पुसून मोकळ्या ठेवायच्या. नाहीतर लाल गुलाबी होतो. मग मोज्यात भरलेली बेबी पावडर थापायची, मिनिटभर थांबून मऊ ब्रशनं झाडायची. रंग भरल्यावर पुन्हा पावडर. 'ऑगस्ट' जातीच्या जोकराला अंगाच्या रंगाचा तळ लागतो, पांढरा फक्त डोळ्यांभोवती नि तोंडाभोवती. पाण्याचे रंग स्वस्त, पण ओठांच्या कोपऱ्यात तासाभरात तडकतात. एप्रिल-मेमध्ये पावडर कमी पडली की घाम भुवईचा काळा थेट गालावर आणतो.

उतरवायला खोबरेल तेल आणि जुनं सुती फडकं. साबण नंतर.

नवा जोकर आला की त्याला आधी फळीसमोर उभं करतो. भुवया, नाकाचा आकार आणि तोंडाची रेघ, तिन्हीपैकी दोन तरी वेगळ्या हव्यात. नुसता विग बदलून आलेल्याला परत पाठवतो.