ताप नव्हे, बाळंतिणीचा ताप म्हणा

बाळंतपण सुरळीत झालं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मात्र हुडहुडी भरली. घरचे म्हणाले, दूध भरलंय, कणकण येणारच. मीही मान डोलावली. पण छाती दुखत नव्हती, दुखत होतं ओटीपोट. आणि अंगावरून जात होतं त्याला कुजका वास येत होता. हे बोलायची लाज वाटली, त्यात रात्र गेली.

सकाळी ताप 101.4. पॅरासिटामॉल घेतली आणि निघालो. ही गोळी मला नडली. दवाखान्यात मोजला तेव्हा 99 भरला. खिडकीत मी "ताप येतोय" एवढंच म्हटलं, म्हणून तापवाल्यांच्या रांगेत नंबर लागला. दोन तास बाकावर एका कुशीला कलून बसले. मधे उठून विचारलं, तर खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "बाळ पितंय ना नीट?" पितंय. "मग बसा." बाळाची चौकशी सगळे करतात हो! शेवटी तिथून जाणाऱ्या सिस्टर माझ्याकडे बघून थबकल्या. "डिलिव्हरी कधी झाली?" पाच दिवस झाले म्हटल्यावर त्यांनी मनगट धरलं. नाडी 118. दहा मिनिटांत मी आत, पलंगावर.

तेव्हा खिडकीत असं सांगा: "बाळंतीण आहे, पाच दिवस झाले, घरी ताप 101.4 होता, इतक्या वाजता गोळी घेतली, स्रावाला वास येतोय." आकडे आणि वेळ कागदावर लिहूनच न्या.

गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला होता. रक्त-लघवी तपासली, वारेचा तुकडा आत राहिलाय का ते सोनोग्राफीत पाहिलं, नव्हता. क्लिंडामायसिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स शिरेतून सुरू झाली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बाळाला पाजणं चालूच ठेवायला सांगितलं.

बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत 100.4 किंवा जास्त ताप आला तर घरी वाट बघू नका. सिझेरियन झालं असेल तर हा धोका आणखी जास्त, टाकेही रोज बघा. धाप लागली, लघवी कमी झाली किंवा बाई असंबद्ध बोलू लागली तर रांगबिंग काही नाही, थेट इमर्जन्सी.

आणि हो, एकाच स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला तर तो संसर्ग वेगळा. तिथेही डॉक्टरांना दाखवा, पण त्या बाजूने पाजणं थांबवू नका.