जाकीट बसण्यासाठी: कायोटी कॉलिंगचा तिसरा हंगाम

कायोटी म्हणजे कोल्ह्यासारखं इथलं रानटी जनावर. सशासारखा आवाज काढून त्याला जवळ बोलवायचं आणि टिपायचं, हे कायोटी कॉलिंग. या हंगामात आजवर 34 बैठका (एका जागी बसून आवाज वाजवणं) झाल्या. नऊ वेळा कायोटी आला, चार मिळाले. गेल्या हंगामात 40 बैठकांत पाच दिसले आणि एकच मिळाला होता. रायफल तीच, .223 कॅलिबरची. कॉलर, म्हणजे आवाज वाजवणारं यंत्र, तेही तेच. मधे बदललं ते अंगावरचं जाकीट आणि त्यामुळे माझं बसणं. म्हणून या वेळची नोंद जवळजवळ सगळी जाकिटाबद्दल आहे.

इथले लोक एका जागी थांबून कॉल वाजवण्याला 'स्टँड' म्हणतात. पण उभं कोणीच राहत नाही, झुडपाला पाठ लावून बसायचंच असतं, म्हणून माझ्या वहीत ती 'बैठक'. आणि 'व्हेस्ट' म्हटलं की आपल्याला बनियन आठवतो, म्हणून जाकीट.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मी अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. शनिवारी पहाटे साडेतीनला निघून टोनोपाच्या पुढे हार्क्वाहाला खोऱ्यात जातो. एकीकडे अल्फाल्फाची, म्हणजे लसूणघासाची, हिरवी शेतं, दुसरीकडे केंद्र सरकारची मोकळी जमीन: क्रिओसोटची झुडपं, पालो वर्दे, चोया नावाचं भयंकर निवडुंग, आणि मेस्किट, जी आपल्या वेड्या बाभळीचीच भावकी. शेताच्या कडेला ससे, सशांमागे कायोटी. मी सांगलीकडे उसाच्या फडातली कोल्हेकुई ऐकत वाढलो. इथे पहिल्यांदा कायोटीची कुई ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. तिकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथे कायोटीची शिकार वर्षभर खुली आहे, लायसन्स मात्र हवंच.

एच-1बी वर असलेले बरेच जण विचारतात, म्हणून हेही सांगतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यात राज्याचं चालू शिकार लायसन्स हा एक आहे. म्हणजे लायसन्सची मुदत संपली की नुसती शिकार थांबत नाही, बंदूक जवळ असणंच बेकायदा होऊ शकतं. तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा.

पहिलं जाकीट कुठे चुकलं

पहिलं जाकीट मी दुकानात आरशासमोर उभं राहून निवडलं. सतरा खिसे, छान रंग, चालताना अंगाला घट्ट. चालायला ते खरंच चांगलं होतं. पण गाडीपासून बैठकीपर्यंत चालायचं जेमतेम पाव मैल, आणि मग वीस-पंचवीस मिनिटं दगडासारखं बसायचं. खरं काम त्या वीस मिनिटांत होतं.

खाली बसलो की पुढचे खिसे पोट आणि मांड्यांच्या बेचक्यात दुमडून जायचे, त्यातलं काही काढायचं तर आधी कंबर सरळ करायला लागायची. कापड कडक नायलॉन, क्रिओसोटची काडी घासली तरी फुलस्केप कागद चुरगळल्यासारखा आवाज. आणि सगळे खिसे वेल्क्रोचे.

गेल्या जानेवारीतला प्रसंग. उजाडून दहा मिनिटं झाली होती, वारा डावीकडून. ससा ओरडतो तो आवाज चालू होता. माझ्याबरोबर नागपूरकर मित्र होता. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून एक कायोटी उगवली आणि साधारण नव्वद यार्डांवर थबकली. आवाज थांबवायला मला रिमोट हवा होता आणि रिमोट होता वेल्क्रोच्या खिशात. मी खिसा उघडला. चर्रर्र. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, जिथून आली तिथेच वळली आणि गेली. मित्र पाच मिनिटं काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "अबे, त्या सशापेक्षा तुझा खिसाच जास्त ओरडून राहिला ना." त्या रात्री मी जाकीट बदलायचं ठरवलं.

दुकानात जमिनीवर बसून

खास प्रेडेटर कॉलिंगसाठी (शिकारी जनावरांना आवाजाने बोलवण्यासाठी) म्हणून विकली जाणारी जाकिटं कमी आहेत. इथले जुने शिकारी सरळ टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचं जाकीट घेतात, कारण टर्कीवालाही झाडाला टेकून तासन्‌तास बसतो. त्यात मागे उलगडणारी फोमची गादी असते, पाठीला आधार असतो, आणि खिसे छातीवर, उंचावर असतात. टर्कीचे बॉक्स कॉल (घासून वाजवायचे लाकडी डबे) ठेवायचा लांबट खिसा तर शूटिंग स्टिक्स (रायफल टेकवायच्या काठ्या) दुमडून ठेवायला अगदी बरोबर होतो.

या वेळी मी घरून फ्लीसचं जॅकेट घालून गेलो. जाकीट थंडीतल्या कपड्यांवर चढणार आहे, टी-शर्टवर मापलेलं डिसेंबरात काखेत काचतं. चार जाकिटं घेतली आणि दुकानाच्या एका कोपऱ्यात जमिनीवर, गुडघे वर करून, प्रत्येक घालून पाच-पाच मिनिटं बसलो. दुकानातल्या मुलाने "काही मदत हवी का" म्हणून दोनदा विचारलं. पण चारातली दोन तिथल्या तिथे बाद झाली: एकाची गादी इतकी पातळ की फरशी जाणवत होती, दुसऱ्याच्या पाठीच्या आधाराची दांडी बरोबर मणक्यावर येत होती.

उरलेल्या दोघांत निकाल खांद्याच्या पट्ट्याने लावला. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. वजन झेलायला पट्टा जाड आणि गुबगुबीत असतो. आता रायफल खांद्याला लावली की दस्ता त्या गुबगुबीत पट्ट्यावर बसतो. मग तो एक तर घसरतो, नाहीतर खांदा इंचभर जाड झाल्यासारखा होऊन डोळा रायफलवरच्या दुर्बिणीच्या मागे नेहमीच्या अंतरावर येत नाही आणि कडेला काळी सावली दिसते. रेंजवर (नेमबाजीच्या मैदानात) टी-शर्टमध्ये सराव केलेला असतो, रानात प्रत्येक वेळी जुळवून घ्यावं लागतं, आणि त्या जुळवण्याची हालचाल कायोटी टिपते. मी घेतलेल्या जाकिटाचा पट्टा मानेकडे सरकवता येतो आणि खांद्याचा खळगा मोकळा राहतो. दुकानात रायफल लावून बघता येत नाही, पण मुठीने दाबून बघता येतं: मूठ जिथे बसते तिथे शिवण, बकल किंवा फोम लागता कामा नये.

रंगाबद्दल मी फार डोकं चालवलं नाही. कुत्र्याच्या जातीच्या जनावरांना लाल-नारिंगी आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, त्यांचा भर हालचालीवर आणि नाकावर. या वाळवंटात हिरव्या पानांचा छापा मात्र घेऊ नका. मातकट, फिकट, वाळक्या गवताचा रंग बरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सावलीत बसा.

आईचे टाके

ऑक्टोबरात आई-बाबा आले होते. नवीन जाकिटाला वेल्क्रो कमी होतं पण होतं. आईने ते सगळं उसवून काढलं. मी म्हटलं टिचबटणं लाव. ती म्हणाली, "अरे, नावच टिच. वाजणार नाही का ते?" मग तिने साधी बटणं लावली, काजं हाताने केली, आणि बोटांत ग्लोव्ह असताना उघडता यावं म्हणून काज थोडं सैल ठेवलं. आज या जाकिटाला एकच चेन आहे, मागच्या मोठ्या कप्प्याला, आणि ती बसल्यावर मी उघडत नाही.

दुसरं काम इलॅस्टिकचं. माझ्याकडे तोंडाने वाजवायचे दोन कॉल आहेत, एक बंद पत्तीचा, एक उघड्या पत्तीचा (पत्ती म्हणजे फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पट्टी). आधी दोन्ही गळ्यात दोरीला असायचे आणि एकमेकांवर आपटून टकटक करायचे. आईने डाव्या छातीवर आतून इलॅस्टिकची दोन वेगळी घरं शिवली. कॉल त्यात तोंड खाली करून बसतात, म्हणजे वाळू पत्तीत जात नाही.

कॉल आणि खिशांचं नातं गमतीचं आहे. टेक्सासचे बर्नहॅम बंधू, मरी आणि विन्स्टन, 1950 च्या दशकात हा छंद अमेरिकाभर घेऊन गेले, तेव्हा कॉल शर्टाच्या खिशात मावत असे. मग टेक्सासच्याच जॉनी स्टुअर्ट यांनी प्राण्यांचे खरे आवाज रेकॉर्डवर आणले आणि लोक रानात रेकॉर्ड प्लेअर वाहू लागले. आता इलेक्ट्रॉनिक कॉलर, त्याचा रिमोट, शेपटी हलवणारं डिकॉय (आमिषाचं खोटं जनावर), सुट्या बॅटऱ्या. सतरा खिसे त्यातूनच आले. माझ्या नवीन जाकिटाला अकरा आहेत, मी सहा वापरतो, बाकीच्या पाचांची तोंडं आईने शिवून टाकली. हा सगळ्यात चांगला बदल. हात चुकून भलत्या खिशात जातच नाही.

वाटणी अशी आहे. बसल्यावर उजवा हात रायफलवरून हलत नाही, म्हणून बैठकीत लागणारं सगळं डाव्या हाताच्या आवाक्यात. रिमोट डाव्या छातीवर बाहेरून, छोट्या दोरीला, उघडाच. त्याखाली कॉल. डाव्या कंबरेला अंतर मोजायचा लेझर रेंजफाइंडर. उजव्या बाजूला फक्त उठल्यावर लागणाऱ्या वस्तू: पाणी, नायट्राइल हातमोजे, ओढायची दोरी आणि कंगवा.

कंगवा केसांसाठी नाही. चोयाच्या कांड्या नुसत्या स्पर्शाने तुटून कपड्याला चिकटतात आणि त्या काट्यांना सूक्ष्म उलटे दात असतात. हाताने काढायला गेलात की हातात रुततात. रुंद दातांचा कंगवा कांडी आणि कापड यांच्यामध्ये सरकवायचा आणि झटक्यात उडवायची. गादीच्या खालच्या बाजूला कापड असेल तर प्रत्येक बैठकीनंतर हेच करत बसावं लागतं. माझ्या गादीला खालून रबरासारखा गुळगुळीत थर आहे, एक हात फिरवला की साफ.

डिसेंबर: गादीमुळे बिघडलेला नेम

पहिल्या दोन बैठकांत मी वर मारलं. दोन्ही वेळा कायोटी शंभर यार्डांच्या आत होता. दुर्बीण तपासली, रेंजवर जाऊन आलो, सगळं ठीक. तिसऱ्या शनिवारी बसल्या बसल्या लक्षात आलं. आधी मी जमिनीवर बसायचो, आता दोन इंच जाड गादीवर. स्टिक्सची उंची जुनीच. म्हणजे माझा खांदा वर आणि रायफलचा पुढचा भाग खाली, नेम धरायला मी नळी स्टिक्सवरून उचलून अधांतरी धरत होतो. स्टिक्स दोन इंच वाढवल्या आणि त्याच दिवशी, सव्वाआठला, एक मोठा नर 70 यार्डांवर मिळाला.

गादी आली तसा बसायचा वेळही वाढला. पूर्वी बाराव्या-तेराव्या मिनिटाला बूड दुखायला लागायचं आणि मी चुळबुळ करायचो. आता पंचवीस मिनिटं सहज होतात. या हंगामातल्या नऊपैकी तीन कायोटी पंधराव्या मिनिटानंतर आले. ते गेल्या वर्षीही येत असणार, पण तोवर मी उठलेलो असायचो.

जानेवारी: नारिंगी फडकं

टर्की जाकिटाच्या मागे बहुधा एक नारिंगी फडकं दुमडलेलं असतं. मी आधी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. मग एका सकाळी बैठक संपवून कायोटी ओढत गाडीकडे येताना समोरच्या टेकाडावर काचेची चमक दिसली. दुसरा शिकारी होता, आमच्या सशाच्या आवाजावर तो आमच्याच दिशेने येत होता. आपण रानाच्या रंगाचे कपडे घालून भक्ष्याचा आवाज काढतोय आणि मागे कायोटी ओढत नेतोय, याचा अर्थ त्या दिवशी पोटात गोळा आला तेव्हा कळला. अ‍ॅरिझोनात नारिंगी घालायची सक्ती नाही. मी आता येता-जाता दोन्ही वेळा फडकं उघडं ठेवतो आणि नागपूरकर मित्रालाही लावायला लावलं आहे.

कायोटी जाकिटाच्या मागच्या कप्प्यात घालू नका. तो कप्पा पक्ष्यासाठी आहे. जनावर थंड व्हायला लागलं की पिसवा ऊब शोधत बाहेर पडतात, आणि उत्तर अ‍ॅरिझोनात पिसवांतून प्लेग आजही माणसाला होऊ शकतो. हातमोजे घालायचे, दोरीने ओढायचं, घरी आल्यावर जाकीट थेट बाहेर उन्हात. धुताना बिनवासाची पावडर.

आत्ता कुठे आहे

एक गोष्ट अजून जमलेली नाही. हातातली दुर्बीण छातीवरच्या पाऊचमध्ये असते आणि त्याचे पट्टे जाकिटाच्या पट्ट्यांवरून जातात. खांद्यावर पुन्हा तोच जाड थर. पाऊच जाकिटाच्या आत घालून पाहिला तर दुर्बीण काढायला जाकीट उघडावं लागतं. पुढच्या शनिवारी पाऊचचे पट्टे कापून ते थेट जाकिटाच्या पुढच्या भागाला शिवून बघणार आहे. आई सांगलीला परत गेली आहे, तिने व्हिडिओ कॉलवर टाका कसा घालायचा ते दाखवलंय. कोणी हे आधी केलं असेल तर पट्टा कुठे जोडला ते जरूर कळवा.

मार्चमध्ये पूर्वेला व्हाइट माउंटन्सकडे जायचा विचार आहे. तिकडे 1998 पासून पुन्हा सोडलेले मेक्सिकन लांडगे आहेत, कायोटीच्या दुपटीहून जड आणि कायद्याने संरक्षित. त्यामुळे तिथे दुर्बीण हाताशी असणं फार गरजेचं आहे, आणि म्हणूनच त्या पाऊचचं काम मला त्याआधी संपवायचंय.